करंगळीची खाच

“जरा मागं सर गे, पोरी,” असं म्हणत शिवकुमारांनी पिस्तुलाची तरफ ओढून पुन्हा बसवली, नळीत छर्रा भरला आणि चाप दाबला.

टप्!

एवढाच आवाज. पण संहिता जागच्या जागी अशी उडाली, की फळीवरचे स्क्रूड्रायव्हर खुळखुळले. खोलीच्या टोकाला लावलेल्या कागदी टार्गेटच्या काळ्या वर्तुळात बारीक, स्वच्छ भोक पडलं होतं.

“वाजलं! अंकल, वाजलं!”

“वाजणार नाही तर काय? सील तू जर्मनीहून आणवलंस, बसवलं मी. आपण दोघं मिळून मेलेल्यालासुद्धा उठवू की!”

बोलून गेल्यावर शिवकुमारांनी जीभ चावली. पण संहिताला ते लागलं नाही. आज तिला काहीच लागणार नव्हतं.

पिस्तूल तिच्या आईचं, नीरजाचं. हवेवर चालणारं, दहा मीटरच्या नेमबाजीचं, वयाने आईपेक्षा थोडंच लहान. आई संशोधन संस्थेतली नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी रेंजवर जायची. मग एक दिवस पिस्तूल नुसतंच फुसफुसलं. आतल्या पिस्टनचं, हवा अडवणारं सील सडलं होतं. “करू गं कधीतरी,” आई म्हणाली, आणि त्यानंतर हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. ती जाऊन आता दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून बाबांच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं. घरात दोन माणसं होती आणि आवाज एकाच माणसाचा.

तो आवाज मात्र खणखणीत होता. अकरावीत गेल्यापासून संहिताला कुणाशीही बोलायची भीती म्हणून वाटत नव्हती. बाबांच्या वाढदिवसाला पिस्तूल वाजलंच पाहिजे, असं तिने ठरवलं. बनवणाऱ्यांनी हे मॉडेल कधीच बंद केलं होतं. तिने नळीखालचा नंबर टिपला, फोटो काढले, परदेशातल्या जुन्या पिस्तुलांच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकले. एका जर्मन आजोबांनी कळवलं, की ही सीलं नुसती ठेवली तरी तीस वर्षांत भुगा होतात, तेव्हा आईला दोष देऊ नकोस. वर आतल्या भागांचा नकाशा पाठवला. पाच ईमेलनंतर साध्या लिफाफ्यातून सील आलं, सोबत एक वाळलेलं पान. बंगळुरात तीन दुकानांनी “भंगारात घाला” म्हणून सांगितलं. शेवटी रेंजच्या वॉचमनने, मानसिंगने, शिवकुमारांच्या यशवंतपूरच्या वर्कशॉपचा हा पत्ता दिला. शिवकुमार बेळगावात वाढलेले, तेव्हा भाषेचाही प्रश्न मिटला.

“आणि ही माझ्याकडून भेट,” शिवकुमारांनी पिस्तूल उलटं केलं. “मूठ बघ की!”

अक्रोडाच्या लाकडाची मूठ मधासारखी चमकत होती.

पंधरा दिवसांपूर्वी तिने पिस्तूल आणलं, तेव्हा ती मूठ बघवत नव्हती. नेमबाज मुठीवर पुट्टी लावतात, ओली असताना घट्ट धरतात, म्हणजे लाकूड हाताच्या मापाचं होतं. आईने वर्षानुवर्षं थरावर थर दिले होते. घामाने सगळं काळवंडलेलं. शाळेत असताना मोडलेली आईची करंगळी वाकडीच राहिली होती, म्हणून सगळ्यात खालची खाचही तिरकी. धूळ तेवढी नव्हती त्यावर. कुणी हात लावत नसताना धूळ कशी नाही, असा प्रश्न संहिताला चाटून गेला होता. पण शिवकुमारांना तिला सांगायचं होतं दुसरंच. “अंकल, अगदी नव्यासारखं करा हं!”

“सगळं खरवडून काढलं,” शिवकुमार म्हणाले. “तीन दिवस पॉलिश. आता कुणाच्याही हातात बसेल.”

“भारी! बाबा वेडे होतील.”

निघताना त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी पुढे केली. “जुनं सामान.”

“कचरा कशाला, अंकल?”

“गिऱ्हाईकाचं गिऱ्हाईकाला द्यायचं. पुढं टाक, नाहीतर ठेव.”

पिस्तूल बॅडमिंटनच्या बॅगेत, पिशवी बाहेरच्या कप्प्यात. दोन बस बदलून ती मारतहळ्ळीला घरी पोचली तेव्हा बाबा गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. तिने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

“डोळे मिटा. हात पुढे. अहो, उजवा!”

बाबांनी हात पुढे केला. तिने त्यात पिस्तूल ठेवलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा सवयीने वर सरकला, थोडा अडला, पुन्हा फिरला. बोटं मुठीभोवती मिटली, उघडली, पुन्हा मिटली. करंगळी सगळ्यात खाली जाऊन गुळगुळीत लाकडावरून तिरकी घसरली. वर आली. परत घसरली.

संहिता बघत होती. ती क्लासहून आल्यावर रोज वाजणारं, पिस्तूल ठेवायच्या कपाटाचं ते दार तिला एकदम आठवलं; गेले पंधरा दिवस ते वाजलं नव्हतं. बाबा इस्त्रीचे कपडे ठेवत असतील, असंच ती समजत आली होती.

“छान झालंय,” बाबा म्हणाले. डोळे उघडून त्यांनी ते चमकणारं लाकूड पाहिलं आणि तिच्याकडे बघून हसलेसुद्धा. “खूपच छान. एवढं सगळं तू एकटीने केलंस?”

“वाजवून बघा ना,” ती म्हणाली. 

“वाजवू. उद्या वाजवू.” त्यांनी पिस्तूल अलगद टीपॉयवर ठेवलं. “आधी चहा टाकतो.”

“तुमचा वाढदिवस आहे. मी करते.”

स्वयंपाकघरात तिने आधण ठेवलं आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ती पिशवी उपडी केली. काळा भुगा, एक झिजलेली स्प्रिंग, खरवडलेल्या पुट्टीच्या राखाडी भुकटीचा ढीग. तिने बोटांनी भुकटी चाळली. कपच्याच कपच्या. चहा उतू गेला, तिने गॅस बंद केला, पुन्हा चाळू लागली. तळाशी सुपारीएवढा एक तुकडा अखंड निघाला. त्यावर एक खाच होती, एका बाजूला कललेली. आत चामडीच्या रेषा उमटल्या होत्या, बारीक, जवळजवळ.

तिने आपली करंगळी त्यात ठेवून पाहिली. बसेना. तिची करंगळी सरळ होती.

ट्रेमध्ये तिने कप ठेवला, बशीत दोन बिस्किटं, आणि कपाशेजारी तो तुकडा. बाहेर येऊन ट्रे टीपॉयवर ठेवला आणि ती गॅलरीत जाऊन उरलेले कपडे काढू लागली. पाठमोरी. कपडे फार नव्हते. एकेक चिमटा तिने सावकाश काढला.

 बऱ्याच वेळाने ती वळली. ट्रेमध्ये कपाशेजारी तुकडा नव्हता.

त्या संध्याकाळी बाबांनी चहा डाव्या हाताने प्यायला.