येऊन गेलेल्या कांजिण्या

पाळणाघरातल्या एका पोराच्या मानेवर पुरळ दिसलं आणि दुपारी त्याच्या आईचा फोन आला, कांजिण्या आहेत. आदला अख्खा दिवस ते पोर जिच्या मांडीवर होतं, त्या ताईला पाचवा महिना चालू होता.

"लहानपणी येऊन गेल्या असतील तर घोर नको," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "नसतील तर तुम्हालाही त्रास आणि बाळालाही धोका. इंजेक्शन लवकर घ्यावं लागेल. आईला विचारा."

ती तडक माहेरी गेली.

"येऊन गेल्यात की!" आई म्हणाली. "धाकटीला आल्या तेव्हा मीच तुला तिच्या अंथरुणात झोपवलं. म्हटलं, दोघींचं एकदमच उरकू दे. दोनदा रजा कोण काढणार?"

"मग मला आल्या?"

"आल्या म्हणजे? चांगले दोन-चार फोड पाठीवर. तू पहिल्यापासून गुणाची, आजारपणसुद्धा आटोपशीर."

कौतुक गोड होतं, पण दोन-चार फोड तिच्या गळी उतरेनात.

"घामोळं होतं ते," खिडकीशी नखं कापत बसलेले बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"ही तिथे झोपायचीच नाही. तुझा डोळा लागला की उशी काखोटीला मारून माझ्याकडे यायची. उजाडायच्या आत परत."

"आणि हे आज सांगताय?"

"तू विचारलंस कधी?"

आईच्या मते बाबांची आठवण म्हणजे फुटका माठ. ताईने दोघांचं ऐकून घेतलं आणि रक्त तपासायला द्यायला गेली.

"रक्ताला काय कळतंय! जन्म मी दिलाय," आई म्हणाली. पण सोबत आली.

रक्तात कांजिण्यांची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन झालं. यानं धोका कमी होतो, पुरता जात नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. महिनाभर अंगावर लक्ष ठेवायचं. ताप किंवा पुरळ आलं तर आधी फोन, थेट दवाखान्यात यायचं नाही.

आत इतर गरोदर बायका होत्या, म्हणून तिला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आई येऊन खेटून बसली.

"लांब बस. मला झाल्या तर तुला लागतील."

"मला येऊन गेल्यात."

"नक्की?"

आई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. मग पर्समधून फोन काढून तिने मोठ्या मामाचा नंबर लावला.