शून्याच्या डावीकडच्या सहा चांदण्या

कुंभारीच्या शिवयोगीला जन्मापासून दिसत नव्हतं, पण गणितात त्याचा हात धरणारा सोलापूरच्या त्या कॉलेजात कुणी नव्हता. इतरांची वही उघडेपर्यंत त्याचं उत्तर तयार असे. अडलं ते एकाच ठिकाणी. बी.एस्सी.ला गणित घ्यायचं तर अर्जावर विभागप्रमुख कमलाकर सरांची सही हवी, आणि सर काही सही करेनात.

"परीक्षेत आलेख काढावे लागतात," सर म्हणाले. "ते तुझ्यासाठी कोण काढणार?"

"मीच काढतो की सर. तुमी समीकरण तर सांगा."

सरांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "पाच एक्स घन, उणे तीस एक्स वर्ग, अधिक पंचावन्न एक्स, उणे एकोणतीस. येत्या तिसऱ्या शनिवारी अर्जांची मुदत संपते. त्याआधी आलेख आण, सही घेऊन जा."

हातात तीन आठवडे होते. शिवयोगी थेट प्रभा मॅडमकडे गेला. त्या गणित शिकवायच्या आणि गेल्या उन्हाळ्यात, पंचाहत्तर साली, पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहायला शिकून आल्या होत्या.

"पण त्या यंत्राला चित्र काढता येत नाही रे," त्या म्हणाल्या. "ते नुसत्या ओळी छापतं. अक्षरं, आकडे, चांदण्या."

"म्हंजे वळीत किती जागा मोकळी सोडायची आन् चांदणी कुटं टाकायची, येवढंच त्याला सांगायचं?"

"एवढंच."

"मग सोपं हाय मॅडम. त्यालाबी दिसत न्हाय, मलाबी न्हाय."

दोन दुपारी तो बोलत गेला आणि मॅडम लिहीत गेल्या. एक्स दर ओळीला एक दशांशानं वाढवायचा, वायची किंमत काढायची, त्या प्रमाणात जागा सोडून चांदणी टाकायची. शून्य कुठं आहे ते कळावं म्हणून प्रत्येक ओळीत तिथं एक टिंब. कागद एस.टी.च्या पार्सलनं पुण्याला गेले. आठ दिवसांनी परत आले ते आलेखाशिवायच. नुसती चूक झाल्याची सूचना छापलेली.

"एक स्वल्पविराम राहिला," मॅडम ओशाळून म्हणाल्या. "तू सांगितला होतास. माझ्याकडूनच सुटला."

"आसू द्या. परत धाडू."

दुसरं पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं. बोटाला उंचवटे लागावेत म्हणून मॅडमनी कागद पालथा धरून प्रत्येक चांदणीला आणि टिंबाला सुईनं टोचा मारला. शिवयोगीचं बोट वरून खाली निघालं. चांदण्या शून्याकडे आल्या, ओलांडून गेल्या, पुन्हा जवळ आल्या आणि दोन आणि तीनच्या मधे चक्क शून्याच्या डावीकडे उतरल्या. त्यानं मोजल्या. सहा. मनात आकडे घालून पाहिले आणि तो गालात हसला.

शनिवारी सरांनी तो कागद स्वतः काढलेल्या आलेखाशेजारी ठेवला.

"यंत्रानं घोळ घातलाय," सर म्हणाले. "एकला किंमत एक, दोनला एक, तीनलाही एक. मधेच हा शून्याखाली कशाला जाईल?"

"सर, अडीच घालून बघा की."

फळ्यावर खडू चालू लागला. मग थांबला. पुन्हा पहिल्यापासून चालला, आणि पुन्हा तिथंच थांबला.

"उणे सात अष्टमांश," सर हळू आवाजात म्हणाले. "मी तीन बिंदू काढले आणि डोळे झाकून जोडले." आपण काय बोललो ते ध्यानात येऊन ते चपापले. शिवयोगी मात्र मोकळेपणानं हसला, तसे सरही हसले. अर्जावर टाक फिरल्याची खरखर त्याला नीट ऐकू आली.

तो बाहेर आला तेव्हा व्हरांड्यात पोरं जमली होती. ज्याला त्याला कागद बघायचा होता.

"बघायचा न्हाय," शिवयोगी म्हणाला. "डोळे मिटा आन् वाचा. शून्याच्या डावीकडं कुटं उतरतोय ते सांगा."

एकेकानं बोट फिरवलं. कुणी वरच अडकला, कुणी टिंबांच्या रांगेवरून सरळ खाली गेला. तेवढ्यात सर खोलीतून आले. पोरांनी वाट दिली. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि हात पुढे केला.

"सावकाश, सर," शिवयोगी म्हणाला आणि त्यांचं बोट पहिल्या चांदणीवर नेऊन ठेवलं.