बिनआवाजाचं दार

आमच्या घरात दार आपटत नाही. चौकटीला मी जाड लोकरीच्या पट्ट्या ठोकल्यात, खुर्च्यांच्या पायांना फोमचे तुकडे लावलेत, भांड्यांखाली फडकी घातलीत. सोफे-खुर्च्या मढवायचा माझा धंदा, फोम-कापडाला काय तोटा! एरवी माझी जीभ म्हणजे कात्री. पण धाकट्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आणल्यापासून मी भांडतेसुद्धा कुजबुजत. शेजारीण म्हणाली, "हल्ली घसा बसलाय वाटतं तुमचा?" बसलाय बाई, बसलाय.

मोठा आवाज झाला की धाकटा बिथरतो. लहानपणी आमचा बाप पट्टा घेऊन घरभर शोधायचा आणि आम्ही दोघं पलंगाखाली. त्याचा हुंदका बाहेर फुटू नये म्हणून मी त्याच्या तोंडावर हात दाबून धरायची. बाप मेला, सुटलो एकदाचे म्हटलं, तर ह्यानं बाटली धरली. "राग आलाय की भीती वाटतेय तेच कळत नाही गं, ताई," म्हणायचा. "सगळं एकदम वर येतं. प्यायलो की सपाट होतं."

केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी त्याच्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली होती. आत उसळलं की हात उचलायच्या आधी तोंड उघडायचं. 'मला भीती वाटतेय' एवढं मोठ्यानं म्हणायचं, बस. मला म्हणाल्या, "घराला किती गाद्या लावाल? त्याला आवाज सोसायची सवय होऊ द्या." तुमचं काय जातंय, मी मनात म्हटलं.

त्या दुपारी भावजय चिमणीला घेऊन आली. बापलेकीची भेट कितीतरी महिन्यांनी होत होती. "आज नीट झालं तर दर रविवारी आणीन, ताई," ती मला म्हणाली. "नाहीतर मी माहेरी निघाले. कायमची." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. तिनं तरी काय कमी सोसलं होतं?

आधी बापलेक पाहुण्यांसारखे एकमेकांकडे बघत बसले. मग धाकट्यानं तिच्या हातात लाकडी हातोडा दिला. "ह्या जुन्या सोफ्यातली धूळ काढायचीय. हाण!"

धप्प! धूळ उडाली, पोरगी खिदळली. इकडे माझी पाचावर धारण बसली. तो मात्र हसत होता. खरंच हसत होता हो! "अजून जोरात," म्हणाला. पण तेव्हा मला त्याचं हसू दिसलंच नाही, मी त्याच्या मानेची शीर बघत होते.

चिमणीनं पुन्हा हाणला आणि आनंदानं अशी किंकाळी मारली की मी मागून धावले आणि तिच्या तोंडावर हात दाबला. "श्श! गप्प!"

धाकट्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. त्याचा चेहरा पलंगाखालचा झाला. दुसऱ्या क्षणी त्यानं माझा हात हिसडला आणि मला भिंतीवर ढकललं. कात्र्यांचा डबा खणखणत खाली पडला. चिमणी भोकाड पसरून आईला बिलगली. तिच्या हातून सुटलेला हातोडा आता ह्याच्या मुठीत होता.

भावजयीनं पोरीला उचललं, दारापर्यंत गेली. आणि थांबली. अहो, थांबली ती! "काय झालं?" तिनं त्याला विचारलं. "सांग ना. काहीतरी बोल."

"मला..." तो म्हणाला. "मला भी..."

येत होता शब्द. अगदी ओठांवर आला होता.

आणि मी त्याच्याकडे धावले. "काही नाही झालं, राजा. गप्प. गप्प हो." माझा हात त्याच्या तोंडावर गेलासुद्धा.

त्यानं तोंड मिटलं. भावजयीनं एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पोरीला घेऊन निघून गेली.

त्यानं हातोडा जागेवर ठेवला, चपला घातल्या. कुठं चाललास, हे विचारायची गरजच नव्हती. त्याच्यामागे दार हलकेच मिटलं.

"आपट की रे ते दार!" मी ओरडले. "शिव्या दे मला! ओरड!" कितीतरी दिवसांनी घसा फाडून ओरडले. पण पट्ट्या मीच ठोकलेल्या, चांगल्या घट्ट. बाहेर काही ऐकू गेलं नसणार.