हेल्मेटवरून पदर

"ओ बाई, पदर!"

केरबानं लिंबाखालून हाळी दिली आणि काठी वर केली. मोटारसायकलवर मागं बसलेल्या बाईनं दचकून खाली पाहिलं, चाकाशी लोंबणारा पदर ओढून घेतला आणि कमरेला खोचला. कोण ओरडलं हे पाहायला गाडी चालवणाऱ्यानं मान वळवली, तोवर केरबाची नजर पुढच्या गाडीवर गेली होती.

शेंद्र्याच्या फाट्यावर म्हाताऱ्याचा हा रोजचा उद्योग. त्याला कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी हटकतही नव्हतं. ज्या रानात त्याची मेंढरं चरायची तिथं आता कारखाने उभे होते, आणि शहर जालना रोड धरून पार फाट्यापर्यंत येऊन ठेपलं होतं. कारखान्यांची पाळी सुटली की गाड्यांचा लोंढा यायचा. कुणाचं स्टँड खालीच राहिलेलं, कुणाची ओढणी वाऱ्यावर, कुणाचं हेल्मेट डोक्यात असायचं सोडून कोपरात अडकवलेलं. असल्याला केरबा विचारायचा, तुझं डोकं कोपरात आहे का म्हणून. गावातली पोरं त्याला स्टँडबाबा म्हणायची आणि मुद्दाम स्टँड खाली ठेवून त्याच्यासमोरून जायची. ती चेष्टा करतात हे त्याला कळायचं. तरी तो ओरडायचाच.

सून गेल्यापासून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं गाव म्हणायचं. गावाला अर्धंच ठाऊक होतं.

द्वारका गेली ती मागच्या दुष्काळात. गावातले बोअर आटले, टँकरचा भरवसा राहिला नाही, तेव्हा एका कारखान्याच्या फाटकाशी सकाळी थोडा वेळ नळ सोडायचे. तिथून पाणी आणायचं म्हणजे गाडी हवी. भरलेले कॅन टांगायला जागा व्हावी म्हणून केरबाच्या पोरानं, अजिनाथनं, मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी साडी अडकू नये म्हणून असते ती जाळी काढून ठेवली होती. गावात बहुतेकांनी काढली होती. जाताना द्वारका मागं बसायची, दोन्ही हातांत रिकामे कॅन धरून. येताना कॅन गाडीवर यायचे आणि ती पायी.

त्या सकाळी केरबा दारातच बसला होता. गाडी निघाली आणि सुनेचा पदर चाकाजवळ लोंबताना त्याला स्वच्छ दिसला. शब्द ओठापर्यंत आला. पण सासऱ्यानं सुनेच्या पदराकडं बघितलं, ही काय बोलून दाखवायची गोष्ट होती? सून समोर आली की खाकरून मान फिरवायची, हे त्यानं आपल्या बापाकडून घेतलं होतं आणि इमानानं पाळलं होतं. त्याचा हात वर गेला. मग तोच हात त्यानं पटक्याला लावला, पटका नीट केल्यासारखं केलं आणि तोंड फिरवलं. तिचं तिला कळेल, असं त्याला वाटलं.

फाट्याच्या अलीकडंच घात झाला. रिकामे कॅन घरंगळत रस्त्याच्या पार पलीकडं गेले होते.

हे केरबानं कुणालाही सांगितलं नाही. अजिनाथ तर त्या दिवसापासून बापाच्या नजरेला नजर देत नव्हता. पोराला सगळं कळलंय, असं केरबानं मनाशी धरलं. एका घरात दोघं जेवायचे आणि भाकर वाढून घेण्यापुरतं बोलायचे. पोराला एकदा जवळ घेऊन रडू द्यावं असं म्हाताऱ्याला फार वाटायचं, पण त्यासाठी लागणारं तोंड आपल्याकडं नाही, असंही वाटायचं.

यंदा नातेवाइकांनी भरीस घालून अजिनाथचं दुसरं लग्न लावलं. प्रांजली गंगापूरकडची. स्वभावानं गरीब, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. अजिनाथनं गाडीला जाळी परत बसवली होती, पण मागं कुणाला बसवत नव्हता. बायकोला बाजारात जायचं असलं तरी तो तिला रिक्षात बसवून द्यायचा आणि आपण गाडीवर मागून जायचा. लोक हसायचे. केरबाला हसू येत नसे.

आज दुपारी केरबा भाकर खायला घरी आला, तर गाडी दारात उभी होती आणि प्रांजली डोळे पुसत होती. गंगापूरहून भावाचा फोन आला होता. आईला दवाखान्यात नेलं होतं आणि ती लेकीचं नाव घेत होती. दुष्काळ पुन्हा दारात येऊन बसलेला. गावातल्या रिक्षा पाण्याच्या टाक्या वाहायला लागल्या होत्या, माणसांसाठी एक मिळेना. अजिनाथनं आतून दोन हेल्मेट आणली. एक त्याचं, दुसरं कोरं, वरचा कागदही न काढलेलं. ते त्यानं कधी आणून ठेवलं होतं देव जाणे. बायकोच्या हनुवटीखालचा पट्टा त्यानं स्वतः लावला.

प्रांजली बसायला वळली आणि तिला सासरा दिसला. तिनं घाईनं पदर वर घेतला आणि हेल्मेटवरून ओढून नीट केला.

एरवी केरबालाही हसू फुटलं असतं. त्या गुळगुळीत डोक्यावर पदर किती टिकणार होता? फाट्यापर्यंतसुद्धा नाही. वाऱ्यानं तो सुटणार आणि कुठं जाणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? सगळ्या रस्त्याला हाळ्या देणारा माणूस, पण घरच्या दारात त्याची जीभ टाळूला चिकटली. गाडी सुरू झाली, बोळातून निघाली. पदर घसरला, खांद्यावर आला, खाली लोंबला. केरबाचा हातच वर गेला, आणि या वेळी त्यानं तो खाली घेतला नाही.

गाडी करकचून थांबली.

म्हातारा धापा टाकत जवळ पोचला, तेव्हा अजिनाथ आरशाकडं बघत होता. मागं वळला नाही.

"त्या दिवशी बी तुमचा हात दिसला व्हता मला, आबा," तो म्हणाला. "आरशात."

केरबा जागच्या जागी उभा राहिला.

"वाटलं, कायतरी काम सांगत आसताल. नळ बंद व्हईल म्हणून थांबलो नाय." त्याचा आवाज फाटला. "थांबलो आसतो तर ती..."

म्हणजे पोरगा इतके दिवस यासाठी मान खाली घालून वावरत होता. केरबाला आता गप्प राहणं सोपं होतं. पोरानं आपण होऊन सगळा दोष स्वतःकडं घेतला होता, आणि वर हात केल्याचं श्रेयही बापाला दिलं होतं.

"हात केला, पण हाक नाय मारली," केरबा म्हणाला. "पदर दिसत व्हता मला. सुनंला कसं बोलावं म्हणून तोंड फिरवलं. तुझं काय चुकलं नाय रं, आज्या."

अजिनाथनं गाडी बंद केली. त्याचे खांदे हलत होते. केरबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून तो उभा राहिला. आपण नुसतेच का उभे आहोत हे त्याला कळत नव्हतं, पण हात काढवत नव्हता.

प्रांजलीनं तेवढ्यात पदर पुन्हा हेल्मेटवर घेतला होता. केरबानं तिच्याकडं सरळ बघितलं. ती घरात आल्यापासून पहिल्यांदाच.

"पोरी, माझ्यापुढं डोक्यावर पदर घ्यायचा नाय. आजपास्नं. काढ त्यो. कमरंला खोच."

ती गडबडली. नवऱ्याच्या पाठीकडं, मग सासऱ्याकडं बघत तिनं पदर खाली घेतला, दोन पदरी करून कमरेला घट्ट खोचला आणि ओढून पाहिला.

"आजून एकदा बघ," केरबा म्हणाला. "आन् सावकास जावा. आई हाय तिथंच हाय."

गाडी पुन्हा निघाली. केरबाची मान सवयीनं वळायला लागली. त्यानं ती वळू दिली नाही. गाडी बोळातून बाहेर पडली, लिंबापाशी गेली, फाट्यावर वळून दिसेनाशी झाली, तोवर तो सुनेच्या पदराकडं बघत उभा होता.