पंचमीला मी कापत नाही

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रडगाणं गायला बसलेली नाही. माझं पातं अजून चांगलं चालतं.

माझा जन्म शिराळ्याचा. तिथल्या लोहाराने ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद भट्टीत घालून ठोकठोक ठोकलं आणि मला बाभळीच्या फळीवर बसवलं. लालासाहेबांनी धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी मला मुद्दाम करून घेतलं होतं. ती बहीण म्हणजे लीलाबाई. रुखवतात पितळेची भांडी लखलखत होती आणि मी आपली काळीकुट्ट. पण कराडजवळच्या सासरी आल्यावर लीलाबाईंनी पहिल्यांदा हात लावला तो मलाच.

शिराळ्याच्या लेकीला नागपंचमी म्हणजे काय, हे इतरांना सांगावं लागतं. तिच्या लेखी नागोबा म्हणजे भाऊ. आदल्या दिवशी भावासाठी उपवास करायचा आणि पंचमीला मातीच्या नागाला लाह्या-दूध वाहायचं. त्या दिवशी रानात नांगर चालत नाही, चुलीवर तवा चढत नाही आणि घरात काही चिरायचं नाही. कहाणीतल्या शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं चिरडली गेली. चिडलेली नागीण साऱ्या घराला डसली आणि उरलेल्या लेकीला डसायला तिच्या सासरी गेली. तर ती पोर नागाचं चित्र काढून, पुढे दूध ठेवून हात जोडून बसलेली. नागिणीचा राग गेला आणि तिने माहेरची माणसं उठवून बसवली. कहाणीत गुन्हा लोखंडाचा आहे आणि लोखंडाला शिक्षा काय, तर एक दिवस सुट्टी. अशी शिक्षा कोणाला नको असेल?

लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला लालासाहेब बहिणीला न्यायला आले. एसटी चुकल्यामुळे ते आदल्या दिवसाऐवजी ऐन सणाच्या सकाळी दारात उभे राहिले. सासूबाईंनी फर्मान सोडलं, पाहुणे जेवायचे आहेत, आधी भोपळा चीर आणि मग जा. लीलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, दारातल्या भावाकडे बघितलं. मग माझं पातं मिटलं, मला काखेत मारलं आणि उंबरा ओलांडला. नवी सून विळी घेऊन माहेरी गेली म्हणून गाव बरेच दिवस हसत होतं. शेवटी सासरे स्वतः न्यायला आले. लीलाबाई परत आल्या, मीही आले, आणि त्या घरात पंचमीला चिरायचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मला त्या दिवसाचा अजून अभिमान वाटतो.

त्यानंतर मी काय काय चिरलं ते विचारू नका. लग्नकार्यात आळीतल्या बायका मलाच मागायला यायच्या. लालासाहेब वारले, तरी लीलाबाईंचा भावाचा उपवास सुटला नाही. दरवर्षी उपवासाच्या संध्याकाळी त्या मला धुऊन हळदकुंकू लावतात आणि फडक्यात गुंडाळून भिंतीवरच्या फळीवर ठेवतात.

पुढे घरात ओटा आला. नातू वीरधवल कुपवाडच्या कारखान्यात लागला आणि त्याची बायको संयोगिता हिने दोरी ओढायचा चॉपर आणला. मी गॅसच्या टाकीमागे गेले. वीरधवल म्हणाला, हे धूड भंगारात देऊ. लीलाबाई एवढंच म्हणाल्या, "आदी मला दे, मग हिला."

यंदा वीरधवलच्या लेकीचा, शिवांजलीचा वाढदिवस नेमका पंचमीला आला. घर फुग्यांनी भरलं, कराडहून मोठा केक आला, वीरधवलचे कारखान्यातले मित्र आले. केकबरोबर आलेली प्लॅस्टिकची सुरी लीलाबाईंनी उचलली आणि मुकाट्याने कमरेला खोचली.

वीरधवल आधी हसला. मग चारचौघांत त्याचा चेहरा पडला. केक म्हणजे काय भोपळा आहे का, असं तो पुटपुटला आणि तरातरा आत येऊन त्याने फळीवरून मला ओढलं. त्या फडक्यात माझं पातं रागाने थरथरलं असतं, पण लोखंडाला तेवढीही मुभा नसते. लीलाबाई मागोमाग आल्या. त्यांनी मला त्याच्या हातातून घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी माझ्या फळीवर बसकण मारली.

"सासूनं सांगितलं तवा चिरलं न्हाई," त्या म्हणाल्या. "भाऊ दारात हुबा हुता माजा. आता त्यो न्हाई म्हनून कापू व्हय रं?"

तेव्हा संयोगिता पुढे आली आणि हळूच म्हणाली, "आजी, हातानं मोडला तर चालंल का?"

"न चालायला काय झालं? दिंडं आपण कशानं मोडतोय?"

पंचमीची वाफवलेली पुरणाची दिंडं हातानेच मोडून खातात, हे त्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. शिवांजलीने दोन्ही हात कोपरापर्यंत केकमध्ये घातले. तिला आयुष्यात एवढी मजा आली नसेल. पाहुणेही हात माखून खाऊ लागले.

लीलाबाईंना मात्र उठता येईना. वीरधवलने खाली वाकून त्यांना काखेत धरून उठवलं. त्यांनी त्याच्या तोंडात केकचा घास घातला. मग त्याने मला उचललं, विस्कटलेलं फडकं नीट गुंडाळलं आणि मला पुन्हा फळीवर ठेवलं. संयोगिताने तिचा चॉपर आणून माझ्या शेजारी ठेवला. त्याला सुट्टीची सवय नाही, तो जरा बावरलेला दिसला.

तेव्हा मित्रांनो, मला जपा, मला विसरू नका, असली विनवणी मी करणार नाही. वर्षभर मला राबवा, घासा, धार लावा, पाहिजे तर टाकीमागे टाका. पण पंचमीच्या दिवशी माझ्याकडे हात आला, तर लीलाबाई असोत वा नसोत, मी कापणार नाही.