शोनखोरांचा विस्तव

हे मी लिहिणारच नव्हतो. गानसुखने नको म्हणून सांगितलं होतं आणि गानसुख माझा लहानपणापासूनचा मित्र आहे. शिवाय हे दिवस घोडींचे. दर दोन तासांनी धार काढायची, मधल्या वेळात फोनवर बोटं चालवायची. त्यामुळे कुठे तुकडा पडलाय असं वाटलं तर समजा की शिंगरं सुटली होती.

पण परवा गानसुख स्वतःच म्हणाला, लिही म्हणून. का म्हणाला ते शेवटी येईल.

आमच्या नदीच्या खोऱ्यात ज्याला विचाराल तो सांगेल की आपण शोनखोर सरदारांचे वंशज. सरकारने सगळ्यांना घराण्याचं नाव लावायला सांगितलं तेव्हा कचेरीत रांग लागली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाने शोनखोरच लिहिलं. आमच्या घरानेसुद्धा. माझे वडील म्हणाले, फुकट मिळतंय तर सरदाराचं का नको.

यंदा त्यावरून खरा प्रश्न आला. डोंगरावरच्या ओवोची, म्हणजे आमच्या दगडांच्या देवराशीची पूजा मोठी करायची ठरली. मोठा तंबू, सगळी खोरी एकत्र, आणि तंबूत दारासमोरची, चुलीपलीकडची मानाची जागा शोनखोरांच्या खऱ्या वारसाला. सगळ्यांना ठाऊक होतं की ती जागा दाशन्याम गुआय यांची. दाशन्याम म्हणजे गानसुखचे आजोबा ('गुआय' हा आमच्याकडे वडीलधाऱ्यांना लावायचा शब्द), वय ब्याऐंशी, अजून कुणाचा हात न धरता घोड्यावर चढतात. त्यांच्याकडे वंशावळीचं कापड आहे. त्यांच्या बापाने ते खोगिराच्या आत शिवून ठेवलं होतं, ज्या वर्षी असली कापडं आणि ती बाळगणारी माणसं दोन्ही नाहीशी होत होती त्या वर्षी. त्या कापडावर दाशन्याम गुआयच्या आजोबांचं, ल्हाम्जावचं नाव आहे, एवढं घरात तोंडातोंडी चालत आलेलं.

पण पूजेचा कारभार नदीपलीकडच्या पुरेवकडे. पुरेव दर हिवाळ्यात दाशन्याम गुआयना एकाच गोष्टीवरून चिडवतो. त्यांच्या घरात चूल विझू देत नाहीत. कुरण बदलायला निघाले की गेर, म्हणजे राहता तंबू, उतरवायच्या आधी निखारे राखेत घालून एका काळ्या लोखंडी भांड्यात ठेवतात, ते भांडं पहिल्या उंटावर, मग बाकीचं सामान.

"गुआय, दुकानात लायटर मिळतो," पुरेव म्हणतो.

"मिळतो ना," म्हातारा म्हणतो. "तो आमच्या आधी संपतो."

तर पुरेवने निरोप धाडला. मानाची जागा घ्या, पण कापड सगळ्यांसमोर वाचून दाखवा. नुसतं तोंडी चालणार नाही.

कापडावरची जुनी उभी लिपी, वरून खाली लिहायची ती, शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. मी आठवीत शाळा सोडली आणि मग शिकलो, कुरणावर बसून, एका जुन्या पोथीच्या फाटक्या पानांवरून. जुन्या हस्ताक्षरात सारखी दिसणारी अक्षरं ओळखायचे ठिपके नसतात, अंदाजाने वाचावं लागतं. आमच्या भागात ते मला एकट्याला येतं. म्हणून मला बोलावलं.

पूजेला तीन दिवस होते. म्हातारा कळप शोधायला गेला होता. गानसुखने कापड जमिनीवर पसरलं, आम्ही दोघं पालथे पडलो.

वंशावळ आमच्याकडे गोल काढतात. मधोमध मूळ पुरुष, भोवती त्याची मुलं, त्यांच्या भोवती नातवंडं, कापलेल्या ओंडक्यावरच्या रेषांसारखी. ज्याने गादी चालवली त्याचं वर्तुळ लाल शाईत. आणि या कापडावर नावांशेजारी कुणीतरी बारीक अक्षरात दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. तो लिहिणारा मला फार आवडला. एक शब्द जास्त नाही.

मध्यात शोनखोर. 'सात घोडे होते.' बस, एवढीच संपत्ती. एका हिवाळ्यात पाऊस पडून बर्फावर काच धरली, खानाच्या सैन्याचे घोडे उपाशी मरायला लागले. सगळे आसऱ्याला दरीत उतरले. शोनखोर एकटा तीन हजार घोडे घेऊन वर गेला, उघड्या कड्यावर, जिथे वारा बर्फ टिकू देत नाही आणि गवत उघडं असतं. वसंतात तीन हजार घोडे खाली आले. खानाने हजार घरं आणि ही नदी त्याला दिली.

"बघ," गानसुख म्हणाला. "रक्तच तसं आहे." मला कोपर मारलं.

मुलगा अजिनाई. 'चार शहरं घेतली. पाचव्याने दार उघडलं.' तो दक्षिणेला मोठा सुभेदार झाला. नातू नारानबुख, त्याची मुलगी खानाच्या महालात राणी. निळ्या कौलांचा वाडा, रेशीम, उत्तरेकडे नुसती नजराण्यांची रांग. घराण्याची सगळ्यात वरची पायरी ही. आणि शेजारी ओळ काय, तर 'घोड्यावर चढायला याला खुर्ची लागे.'

गानसुख हसत सुटला. मीही.

पुढे बुलेगेन. दक्षिणेतलं राज्य बुडालं, सगळे पळत उत्तरेला आले. 'चाळीस गाड्या. घोडे मागून आणलेले.' ज्याच्या पणज्याने तीन हजार घोडे वाचवले त्याचं हे. पाचव्या फेरीत एकच लाल वर्तुळ, अर्धवट रंगवलेलं, शेजारी काहीच नाही. आणि सहाव्या फेरीत एकदम तीन लाल वर्तुळं. चुलतभाऊ. एका उन्हाळ्यात तीन सरदार, तिघांना तीन जागी पांढऱ्या नमद्यावर, लोकरीच्या जाड चटईवर, बसवून उचललं; आमच्याकडे सरदार असा करतात. त्यातला एक ओदोन, घरातला धाकटा. आमच्याकडे मुलूख थोरल्यांचा, चूल धाकट्याची. धाकट्याने घर सोडायचं नसतं. ओदोनशेजारी लिहिलं होतं, 'हाही नमद्यावर बसायला गेला.'

त्यापुढे फेऱ्या नुसत्या आखून ठेवलेल्या. रिकाम्या. एकही नाव नाही.

"ल्हाम्जाव कुठाय?" गानसुखने विचारलं.

मी पुन्हा सगळी वर्तुळं पाहिली. नव्हता. मग कापडाच्या अगदी खालच्या काठावर, वर्तुळांच्या बाहेर, ओळीत लिहिलेली नावं दिसली. त्यांना गोल नव्हते. 'ओदोन सरदाराने विस्तव तोगुस चाकराकडे दिला. मी येईपर्यंत राख म्हणाला. तोगुसने राखला. चोग्तूने राखला. बायदारने राखला.' असं एकामागून एक, हात बदलत, शाई बदलत. मी मोजली. बावीस नावं. बाविसावं ल्हाम्जाव.

नाव कापडावर होतं, घरातले खोटं बोलत नव्हते. फक्त ते कुठे होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

गानसुख काठावरच्या नावांवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "शिने, हे वाचता येणारा तू एकटाच ना?"

"हो."

"मग तू वाचशील तेच लिहिलेलं."

"तसं नसतं ते."

"का नसतं? ल्हाम्जावचं नाव चार बोटं वर सरकवायचं. तोंडानेच तर सरकवायचंय. म्हातारा ब्याऐंशी वर्षं सरदार म्हणून जगलाय. नवा दील शिवलाय त्याने, चांदीच्या गुंड्या लावून. तिथे पुरेवसमोर तू त्याला चाकर म्हणणार?"

"आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी वाचलं तर?"

"मग जाळूनच टाकतो हे," तो म्हणाला आणि कापड उचलून चुलीकडे वळला. आणि थांबला. त्या चुलीत त्या घरातल्या कुणी कधी चिंधी टाकलेली नाही, साधी घाण लागलेली काडीसुद्धा नाही. त्याने कापडाची घडी केली आणि माझ्या मांडीवर टाकली. "जा. काय करायचं ते कर. मित्र म्हणून तरी येऊ नको इथे."

मी खरं सांगतो, दोन रात्री मला वाटत होतं तसंच वाचावं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण मग मी ती बावीस नावं परत वाचली. चाकरांची नावं कोण लिहून ठेवतं? खानांच्या बखरीतही नसतात. यांनी स्वतः लिहिली, काठावर, जागा होती तिथे. ती मी गिळायची? मला ते जमणार नव्हतं हे मला स्वच्छ कळलं. आणि म्हाताऱ्याला हे पहिल्यांदा तंबूत कळू द्यायचं नाही, हेही.

पूजेच्या आदल्या सकाळी मी गेलो. दाशन्याम गुआय शिंगरं बांधत होते. मी दुसऱ्या टोकाने दोरी धरली आणि सगळं सांगितलं, काही न वगळता.

ते गाठ मारत राहिले. "चाकर म्हणून लिहिलंय?"

"हो."

"किती जणं?"

"बावीस."

"आणि ते, गोलातले?"

"सहा पिढ्या."

पुढचं शिंगरू बांधून झालं. "माझा बाप आहे का त्यात?"

"नाही. आजोबांपर्यंतच आहे."

"बापही राखायचा," ते म्हणाले. "त्याला धरून नेलं त्या सकाळी आईला म्हणाला, आधी गोवरी घाल. मला वाटायचं, सरदाराच्या घरची रीत असेल." मग दोरी माझ्या हातात देऊन ते टेकडीवर गेले आणि दिवसभर तिथे बसून राहिले. गानसुख माझ्याकडे न बघता समोरून गेला.

दुसऱ्या दिवशी तंबू भरलेला. मानाच्या जागेवर पांढरा नमदा अंथरला होता. चुलीच्या जागी पुरेवने गॅसची शेगडी ठेवली होती, मोठ्या पातेल्यात चहा उकळत होता. म्हातारा येईल की नाही, मला माहीत नव्हतं.

आले. नवा निळा दील घालून, चांदीच्या गुंड्यांसकट. एका हातात ते काळं लोखंडी भांडं. मागे गानसुख, मान खाली, हातात गोवऱ्यांचं पोतं.

म्हातारा आत आला आणि दाराशेजारीच, चुलीच्या अलीकडे, जिथे सरपण घालणारा बसतो तिथे मांडी घालून बसला.

"गुआय, तिथे काय करताय? वर या," पुरेव म्हणाला. "नमदा तुमच्यासाठी घातलाय."

"वर सहा पिढ्या बसल्या," दाशन्याम गुआय म्हणाले. "खाली बावीस. जिथे आपली माणसं जास्त तिथे बसतो. शिने, वाच. सगळं वाच."

मी वाचलं. सात घोड्यांपासून. खुर्चीच्या ओळीला तंबू हसला. तीन नमद्यांना कुणी हसलं नाही. मग काठावरची नावं. तोगुसने राखला. चोग्तूने राखला. सातव्या-आठव्या नावापासून मागची माणसं माझ्याबरोबर म्हणायला लागली, 'राखला', 'राखला'. बावीस झाल्यावर मी थांबलो, तर म्हातारा आपणच म्हणाला, "ग्यालपोने राखला. तो माझा बाप."

"म्हणजे चाकर," पुरेव म्हणाला. फार मोठ्याने नाही.

"हो, चाकर. तुमचे कोण होते?"

पुरेवने डोकं खाजवलं. "आमच्याकडे काही लिहिलेलंच नाही."

"मग शेगडी बाजूला घ्या आणि चहा घ्या."

पुरेवने स्वतः सिलिंडर उचलून बाहेर नेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हाताऱ्याने राख बाजूला सारली, निखारे ओतले, गानसुखने गोवरी घातली. दूध आणि मीठ परत घालावं लागलं कारण चहा आटला होता. नमदा दिवसभर रिकामा राहिला. मुलं त्यावर चढायला बघत होती, त्यांना कुणी चढू दिलं नाही.

परतताना गानसुखने मोटारसायकल माझ्या घोड्याच्या चालीने चालवली, म्हणजे जवळजवळ ढकललीच. निखारे परत भरून घेतलेलं भांडं पुढ्यात धरलेलं.

"त्याने मला सकाळी उठवलं," तो म्हणाला. "म्हणाला, पोतं भर, आपण मिरवायला चाललोय."

मी लगाम ओढून घोडा आणखी हळू केला.

"माझी खाणीतली नोकरी पक्की झालीय. दक्षिणेला. हिवाळाभर ट्रक चालवायचाय. म्हाताऱ्याला सांगितलं, तो जा म्हणाला. त्याचे गुडघे धड नाहीत, निवाऱ्याच्या कुरणावर जाताना भांडं कोण उचलणार?" थोडं पुढे जाऊन थांबला. "मी धाकटा आहे त्या घरातला, शिने. ओदोनसारखाच निघालोय ना मी?"

"ओदोनला नमदा हवा होता. तुला ट्रक मिळतोय. तेवढा फरक आहे."

तो हसला, पण ओढून. "लिही तू हे. सगळं. मी जाळायला निघालो होतो तेही. आणि माझं एक ऐक."

त्याने भांडं माझ्यापुढे धरलं. अजून गरम होतं.

मी घोड्यावरून उतरलो, दोन्ही हातांनी घेतलं आणि त्याला वचन दिलं. तू येईपर्यंत विझू देणार नाही. वसंतात आला नाहीस तरी राखीन, पण मग काठावर माझंही नाव लिहीन आणि पुढे लिहीन की गानसुखची वाट बघतोय. आणि आलास तर तुझं नाव तूच लिहायचं, आपल्या हाताने. तुझ्या बॅगेत लिपीची दोन पानं ठेवलीत. ठिपके मी घालून दिलेत.