कोकिळाचा जोडीदार

घाटंजीच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून सुमेधाला दोन गोष्टी मिळाल्या. एक फाइल आणि दुसरी जोडीचर्चा. फाइल तिनं कपाटात ठेवली. जोडीचर्चा सोमवारी सकाळीच वर्गात आणली.

नियम सोपे होते. मॅडमनी प्रश्न विचारायचा. मुलांनी एक मिनिट गप्प बसून विचार करायचा, मग दोन मिनिटं जोडीदाराशी बोलायचं. टाळी वाजली की थांबायचं आणि हात वर करून आपलं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. त्यानं म्हणे मुलं ऐकायला शिकतात.

अडचण एवढीच, की तिसरी-चौथीच्या त्या एकत्र वर्गात मुलं होती सतरा. आठ जोड्या झाल्या आणि खिडकीजवळच्या टाटपट्टीवर कोकिळा उरली. दुसरं कुणी असतं तर तिला एखाद्या जोडीत ढकलून मोकळं झालं असतं. पण फाइलमध्ये ठळक अक्षरांत छापलं होतं, 'तिघांचा गट करू नये.' सुमेधाच्या घरातल्या तीन पिढ्या यवतमाळच्या कचेऱ्यांत गेलेल्या. ठळक अक्षरं दिसली की त्या घरात माणसं आपोआप उभी राहायची.

'प्रत्येक विद्यार्थ्यास जोडीदार आहे काय?' या फाइलमधल्या रकान्यात तिनं 'होय' लिहिलं. मग लिहिल्याला जागायचं म्हणून कोकिळाला म्हणाली, "तुझ्या बाजूला कुणी बसलंय असं समज, आणि त्याच्याशी बोल."

कोकिळा बोलेल असं तिला वाटलंच नव्हतं. गेल्या उन्हाळ्यापासून ही पोरगी माणसांशी बोलत नव्हती. घरी गोऱ्ह्याशी बोलायची, तेही कामापुरतं. तिचे आजोबा विठ्ठलराव शाळा समितीवर होते. त्यांनी सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत पाह्यतो, मॅडम. नाई बोलली तं आर्णीले मुक्या लेकरायच्या शाळेत टाकतो. तेथीच राहीन मंग." तेव्हा त्यांच्या मागं उभ्या असलेल्या कोकिळानं दाराची चौकट अशी धरली, की निघताना विठ्ठलरावांना तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ते पाहून सुमेधा बोलून गेली होती, "बोलेल ती. माझी जबाबदारी."

तर पहिला प्रश्न होता, गावातली सगळ्यात जुनी गोष्ट कोणती? दोन मिनिटं झाली, टाळी वाजली. अमरनं हात वर केला.

"सोनू म्हन्ते का तिची आजी."

वर्ग हसला. हसू ओसरलं तेव्हा खिडकीजवळ एक हात वर होता.

"माहा जोडीदार म्हन्ते," कोकिळा म्हणाली, "शाळेखालची विहीर."

आवाज स्वच्छ होता, जराही न अडखळणारा. सुमेधाला इतका आनंद झाला, की शाळेखाली विहीरबिहीर नाही, उत्तर चूक आहे हे सांगायचंच राहून गेलं. संध्याकाळी तिनं विठ्ठलरावांना धावत गाठलं. कोकिळा बोलल्याचं सांगितलं आणि हसत विहिरीचंही सांगितलं.

विठ्ठलराव हसले नाहीत. "होती तेथी विहीर. माह्या बापानं न् गावानं मिळून बुजवली, मंग शाळा बांधली. तुमाले कोनं सांगतलं?"

"कोकिळानं."

"तिले कोनं सांगतलं?"

सुमेधाला 'जोडीदारानं' म्हणावंसं वाटलं नाही. तिनं विषय बदलून कपाशीची चौकशी केली.

पुढं हे रोजचं झालं. कोकिळा बोलायची, पण जोडीदाराचंच. स्वतःचं एक अक्षर नाही, आणि घरी तर अजून मुकीच. उत्तरं बरोबर असायची, फक्त अंमळ जुनी. गावात मोटार कधी आली, असं विचारलं तर जोडीदार म्हणे, अजून आली नाही.

मुलांना यात वावगं काही वाटेना. अमरची तर तक्रारच होती. "मॅडम, मले बी तसाच जोडीदार द्या ना. या सोनूले काईच येत नाई."

"तूच तर सगळं बोलून राह्यला," सोनू म्हणाली. "मले बोलू देशीन तं येईन ना."

मग एका बुधवारी सुमेधानं टाळी वाजवली आणि आठही जोड्या गप्प झाल्या. वर्गात कुजबुज मात्र चालूच राहिली. खिडकीच्या बाजूनं, बारीक, एकसुरी, भरल्या घशानं बोलल्यासारखी. सुमेधानं कोकिळाकडं पाहिलं. तिचं तोंड बंद होतं. मान किंचित कलती करून ती ऐकत होती आणि मधूनमधून 'हो' म्हणून मान हलवत होती. वाक्य संपल्यावर कुजबुज थांबली.

सुमेधा फळ्याकडं वळली आणि उगाचच तारीख पुन्हा लिहिली.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात कळंबहून निकिता नावाची मुलगी दाखल झाली. सतराचे अठरा झाले. त्याच दिवशी केंद्रप्रमुख वामन सर तपासणीला यायचे होते. विठ्ठलरावही येऊन मागच्या खुर्चीत बसले होते, नातीचा निकाल लावायला. सुमेधानं सुटकेचा श्वास टाकला. आता रकान्यातलं 'होय' खरं होणार होतं.

"निकिता, तू कोकिळाजवळ बस."

निकिता गेली, वाकली आणि तशीच सरळ झाली.

"मॅडम, इथं जागा नाही."

"एवढी पट्टी रिकामी आहे की."

"यांना सरकायला सांगा ना मग."

अमरनं बोटांवर हिशेब केला. "मॅडम, आपून अठरा न् तो एक, एकोणीस. परत एक उरली."

बाहेर वामन सरांची गाडी थांबली. सुमेधा कोकिळाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "बेटा, त्याला सांग, आता उठ म्हणावं. तुला खरी जोडीदार मिळाली."

कोकिळानं मान कलती केली. ऐकलं. मग म्हणाली, "तो म्हन्ते, मंग मी कोनापाशी बसू?"

दारात सरांचे बूट वाजत होते. घाईत माणूस जे बोलतं ते सुमेधा बोलली. "माझ्यापाशी बस म्हणावं."

निकिता खाली बसली. आता जागा होती.

वामन सरांनी स्वतःच प्रश्न दिला, तुम्हाला कुठं राहायला आवडेल आणि का? वर्ग कुजबुजू लागला. सुमेधा टेबलाशी उभी होती. तिच्या डाव्या कानाला गार लागलं, बुजवलेल्या विहिरीच्या ओलीसारखं. तिनं मान कलती केली नाही. ती आपोआप कलली.

टाळी वाजली. पाच-सहा हात वर झाले. खिडकीजवळ एकच हात होता, निकिताचा.

"कोकिळा काय म्हणाली?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही म्हणाली, सर."

मागं विठ्ठलरावांनी टोपी गुडघ्यावरून उचलून डोक्यावर ठेवली आणि ते उठले. कोकिळानं समोर बसलेल्या अमरच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. सुमेधानं तोंड उघडलं. तिला म्हणायचं होतं, थांबा, अजून दिवाळीला पाच दिवस आहेत.

"माझा जोडीदार म्हणतो," तिचाच आवाज म्हणाला, "कोकिळानं मला सांगितलंय, तिला आर्णीला जायचं नाही. बोललं की आपला आवाज कमी होतो, असं तिला वाटतं, म्हणून ती बोलत नाही. आणि आजोबांना ती भिते."



"खोटं बोलून राह्यला तो."

कोकिळा उठून उभी राहिली होती. गाल लाल झाले होते. "मी असं नाई म्हटलं. मी आबाले भेत नाई. मी म्हटलं, आबा रोज सांजच्याले एकटे बसते, मी आर्णीले गेली तं त्यायच्यापाशी कोन बसन? माह्याबद्दल निरा उलटं सांगते हा. पह्यलेपासून असाच आहे."

एवढं बोलून ती दमली नाही. निकिताकडं वळून पुढं बोलतच राहिली, गोऱ्ह्याचं नाव, त्याच्या खोड्या, सगळं.

विठ्ठलराव परत खुर्चीत बसले. टोपी काढून त्यांनी डोळ्यांवर धरली. टोपीआडूनच म्हणाले, "मंग नाई पाठवत बाप्पा. बस माह्यापाशी."

वामन सरांनी रकाने तपासले. 'प्रत्येक विद्यार्थ्यास जोडीदार आहे काय' यापुढं बरोबरची खूण केली, "फार जिवंत वर्ग आहे" असा शेरा मारला आणि ते गेले.

विठ्ठलरावांनी आनंदानं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. एक पेला सुमेधापुढं धरला. "घ्या, मॅडम. तुमी शब्द पाळला."

सुमेधाला चहा हवा होता. सकाळपासून तिनं काही घेतलं नव्हतं. तिनं हात पुढं केला, आणि मान डावीकडं कलली. तिनं ऐकून घेतलं.

"नको म्हणतो," ती म्हणाली.